गुडघा काय म्हणतो, पाय काय करतात

"मला आता जिना चढवत नाही गं," आई सकाळी म्हणाली. दुपारी वळवाचा पाऊस आला आणि गच्चीवरच्या कुरडया आठवताच ती दोनदा वर जाऊन आली. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. सकाळी ती खोटं बोलली नव्हती. तिने दुखणं सांगितलं होतं. मी ते ताकदीबद्दल आहे असं समजले.

गुडघ्याच्या संधिवातात ही गल्लत दवाखान्यातही होते. 'वोमॅक' ही जगभर वापरली जाणारी प्रश्नावली रुग्णालाच विचारते: जिना उतरताना, खुर्चीतून उठताना किती त्रास होतो? दुसरी रीत घड्याळ लावून बघण्याची. हातांची घडी छातीशी धरून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ४० मीटर भरभर चालायला किती वेळ लागतो. दोन्हींची उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत.

सगळ्यात ठळक तफावत सांधा बदलल्यानंतर दिसते. शस्त्रक्रियेला महिना होतो तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूचं बळ आधीच्या निम्म्याहूनही खाली आलेलं असू शकतं. चालणं मंदावतं, जिना अवघड जातो. तरी प्रश्नावलीत तेवढी घसरण उमटत नाही. जुनी कळ गेलेली असते आणि माणूस कळेवरूनच कुवत जोखतो. "बरं वाटतंय" एवढ्यावर व्यायाम सुटला तर ते बळ परत यायचं कसं, याची मला खरंच काळजी वाटते.

उलटा प्रकार घरोघरी दिसतो. 'झेपणार नाही' असं वाटलं की उठबस कमी होते, मांडीतलं बळ जातं आणि मग खरोखरच झेपेनासं होतं. 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो प्रत्यक्ष करून पाहिल्याने, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत साठीच्या पुढचे, गुडघे दुखणारे ४३९ जण होते. त्यातल्या ज्यांना दीड वर्ष चालण्याचा किंवा वजनं घेऊन करायचा व्यायाम दिला, ते जास्त चालू शकले आणि अडचणीही त्यांनी कमी सांगितल्या. फरक बेताचाच होता, पण दोन्ही मापांत होता.

काल आईची खुर्ची भिंतीला टेकवली आणि शेजारी उभी राहिले. किती वेळा उठशील? "चारदा, फार तर." सात वेळा उठली. चार आणि सात, दोन्ही आकडे तिच्या फायलीत लिहिले आहेत; पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दोन्ही दाखवायचे आहेत.