स्वादुपिंडाचं ऑपरेशन: रोबोट की दुर्बीण?

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत आता रोबोट आले आहेत. साताऱ्या-सोलापूरहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक पहिल्याच भेटीत विचारतात, "डॉक्टर, रोबोटनं करायचं की दुर्बिणीतून?" दोन्हींत पोटावर छोटी छिद्रंच पडतात. स्वादुपिंडाच्या बाबतीत खरी कसोटी लागते ती आत, टाके घालताना.

स्वादुपिंड जठराच्या मागे, मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून आडवं असतं. लांबी साधारण १५ सेंटीमीटर. शेपटीकडचा भाग काढायचा असेल, तर कापलेलं तोंड बंद केलं की झालं. नवा जोड लागत नाही, म्हणून तिथे दुर्बीण चांगली रुळली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या एका चाचणीत पोट उघडलेल्या रुग्णांना सावरायला सहा दिवस लागले, छोट्या छिद्रांतून ऑपरेशन झालेले चार दिवसांत सावरले.

डोक्याकडच्या भागाचं ऑपरेशन, म्हणजे व्हिपल, फार वेगळं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग काढायचा आणि मग तीन नवे जोड करायचे: स्वादुपिंडाचा, पित्तनलिकेचा, जठराचा. पहिला सर्वांत अवघड. नलिका अनेकदा दोन-तीन मिलिमीटरची आणि ग्रंथी लोण्यासारखी मऊ. टाका जरा ओढला की चिरते. तिथून पाचकरस गळला तर तो शेजारच्या रक्तवाहिन्याही पोखरू शकतो.

इथे रोबोटचा उपयोग कळतो. दुर्बिणीची नेहमीची अवजारं सरळ, ताठ असतात. रोबोटची अवजारं टोकाशी मनगटासारखी वळतात, हाताचा कंप गाळला जातो. स्वतःहून मात्र तो काहीच करत नाही. प्रत्येक हालचाल कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी, बसलेल्या सर्जनची असते. बहुतेक यंत्रांत स्पर्श कळत नाही, धागा किती ताणला ते डोळ्यांनीच जोखावं लागतं. खर्चही जास्त. रोबोटमध्ये मध्येच पोट उघडण्याची वेळ कमी येते, असं अनेक तुलनांत दिसलं आहे. गळती कमी होते, असं मात्र ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

म्हणूनच माझ्या मते यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. कोइमतूरच्या डॉ. पलानिवेलू यांच्या गटाने २०१७ मध्ये ६४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. दुर्बिणीतून व्हिपल झालेल्यांचा मुक्काम सात दिवसांचा, पोट उघडलेल्यांचा तेरा दिवसांचा. याउलट नेदरलँड्समधली दुर्बिणीच्या व्हिपलची चाचणी मध्येच थांबवावी लागली: ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे दुर्बिणीच्या गटातले ५० पैकी पाच दगावले, पोट उघडलेल्या ४९ पैकी एक. आकडे लहान असल्याने हा फरक निर्णायक म्हणता येत नाही, पण ऑपरेशन तेच आणि तंत्रही तेच होतं. सर्जनला विचारावं, "तुमची टीम वर्षाला किती व्हिपल करते? त्यातली या पद्धतीनं किती?" चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

पद्धत कुठलीही असो, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ड्रेनमधल्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतल्या, पाण्यात अमायलेज (स्वादुपिंडाच्या पाचकरसातला एक घटक) किती आहे ते सहसा तपासतात. ते रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं, तर गळतीचा संशय घेतात आणि नळी काढायची घाई करत नाहीत.