फॅन बेल्ट बदलायला येताना जुना बेल्ट सोबत आणा

गाडीमालक आणि ड्रायव्हर मंडळींसाठी, आमच्या गॅरेजकडून

"मिस्त्री, गेल्याच महिन्यात नवा बेल्ट टाकला, परत ओरडायला लागला. तुमचा मालच हलका." साखर कारखाने सुरू झाले की हे वाक्य आठवड्यातून दोनतीनदा कानावर येतं. जुना बेल्ट कुठे आहे विचारलं, तर तो कारखान्याच्या रांगेत नाहीतर ढाब्यामागे फेकलेला असतो. मग आम्ही पहिल्यापासून शोधत बसतो आणि तुमची गाडी अर्धा दिवस उभी राहते. म्हणून हा कागद काढला. यातलं सगळं टाटाच्या जुन्या गाड्यांचं आहे: 1210, 1613, 709, जुनी 407 आणि त्यांच्यासारख्या, ज्यांच्या पुलीला व्ही आकाराची खाच असते. नव्या गाड्यांचे रुंद, रेघारेघांचे पट्टे आणि आपोआप ताण धरणारे टेन्शनर यांची गोष्ट वेगळी.

व्ही बेल्ट खाचेत बसतो तो दोन्ही अंगांनी. तळाला तो टेकायलाच नको. अंगं खाचेत रुतून बसतात, त्या पकडीवर पंखा, वॉटर बॉडी (म्हणजे इंजिनचं पाणी फिरवणारा पंप) आणि डायनामो फिरतो. (अल्टरनेटर म्हणा, आमच्याकडे अजून सगळे डायनामोच म्हणतात.) हे एवढं लक्षात ठेवलं की जुना बेल्ट वाचता येतो. दोन्ही अंगं काचेसारखी चकचकीत आणि कडक झाली असतील, तर बेल्ट घसरत होता, म्हणजे ढिला होता. तळ चकाकत असेल, तर बेल्ट खाचेच्या बुडाला टेकला होता. अशा वेळी पुली झिजलेली असते, नाहीतर कुणीतरी अरुंद बेल्ट घातलेला असतो. कितीही ताणा, आवाज जाणार नाही. एकाच बाजूचे दोरे निघाले असतील, तर पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट मऊ, फुगलेला आणि चिकट असेल, तर त्यावर ऑइल किंवा डिझेल पडतंय. बहुतेक वेळा क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) पुढचं ऑइल सील गेलेलं असतं. नवा टाकला तरी तोही असाच फुगणार. आतल्या बाजूला आडव्या भेगा असतील तर काळजी नको, बेल्टचं वय झालं, बदला आणि निघा.

आता सांगा, एवढं सगळं सांगणारी वस्तू फेकून का द्यायची?

मागच्या सीझनला ऊस वाहणारी एक 1613 आली. चार महिन्यांत तीन बेल्ट झाले होते, आणि त्यातले दोन आमच्याकडचेच, म्हणून मालक जरा तापलेले. ड्रायव्हरने नशिबाने तिसरा बेल्ट टपात ठेवला होता. उलटा करून पाहिला तर तळ आरशासारखा. क्रँक पुलीच्या खाचेत नवा बेल्ट ठेवला, तर त्याची पाठ कडेपासून चांगली बोटाच्या नखाएवढी आत गेली. नव्या पुलीत ती कडेशी जवळपास समान यायला हवी. खाचेची अंगं सरळ असायची ती झिजून पोकळ झाली होती. पुली बदलली, त्यानंतर ती गाडी बेल्टसाठी आलेली नाही. आमचं थोडं गिऱ्हाईक कमी झालं म्हणायचं.

आवाज नेमका कसला, हे तुम्हालाही ओळखता येतं. पहाटे स्टार्ट मारल्यावर मिनिटभर किंचाळून गप्प बसत असेल, तर बेल्ट ढिला आहे. स्टार्टरने बॅटरीतून करंट ओढलेला असतो, तो भरून काढायला डायनामोवर त्याच वेळी सगळ्यात जास्त लोड येतो. त्यात रात्रभर कारखान्यावर गव्हाणीच्या (ऊस उतरवायच्या जागेच्या) रांगेत लाईट आणि टेप चालू ठेवला असेल तर विचारूच नका. पाखरासारखा बारीक, तालात चिवचिवाट असेल, तर बहुधा पुल्या वाकड्या आहेत. खात्रीसाठी गाडी आयडलला ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूवर लांबून थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर रेषेचा दोष, उलट वाढला तर घसरतोय. हे करताना मफलर, टॉवेल, शर्टाच्या मोकळ्या बाह्या बाजूला. पंख्याजवळ हात न्यायचाच नाही. बाकी सगळी तपासणी इंजिन बंद करून.

पुली झिजली नसेल, पण पुल्या रेषेत नसतील, तर कारण बऱ्याचदा साधं असतं: मागच्या वेळी डायनामो उतरवताना एक वायसर (वॉशर) किंवा बुश परत बसवायचा राहिलेला. क्रँक पुलीच्या तोंडावरून डायनामोच्या पुलीपर्यंत सुतळी ताणून धरली की दिसतं.

साबणाबद्दल एकदाच सांगतो. बेल्टला साबण, राळ, कोल्ड्रिंक, जे काही लावता, त्याने आवाज तासभर दबतो. नंतर त्यावर धूळ आणि पाचटाचा भुगा बसतो आणि खाच आणखी झिजते.

आता ती चूक, जिच्यामुळे आमच्याकडचे निम्मे बेल्ट परत येतात: टॉमी (लोखंडी पहार) लावून बेल्ट चढवणं. डायनामोच्या पट्टीचा बोल्ट गंजलेला असतो, सोडायचा कंटाळा येतो. मग क्लीनर टॉमी किंवा मोठा स्क्रूड्रायव्हर पुलीच्या कडेला अडकवतो आणि स्टार्टर मारून बेल्ट वर ओढून घेतो. वरून बेल्ट कोरा करकरीत दिसतो. आतले ताण धरणारे दोरे मात्र एका बाजूचे तुटलेले असतात. मग पाचदहा दिवसांत तो खाचेत उलटा होतो किंवा ताडकन तुटतो, आणि तोही चढणीवर. असा बेल्ट आम्ही बघताक्षणी ओळखतो: एकाच जागी दोरे बाहेर, बाकी अंग नवं. तो बदलून देत नाही, त्यावरून कृपया वाद घालू नका. वरचा आणि खालचा दोन्ही बोल्ट सैल करा, डायनामो इंजिनकडे पूर्ण ढकला, बेल्ट हाताने बसला पाहिजे. हाताने बसत नसेल तर नंबर चुकला आहे.

नंबर बेल्टच्या पाठीवर असतो. ए म्हणजे वरची रुंदी 13 मिमी, बी म्हणजे 17 मिमी, पुढचा आकडा आतली लांबी इंचात. जिथे दोन बेल्टची जोडी आहे, तिथे दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा ठेवला तर सगळा भार नव्यावर येतो.

ताण किती? लांब पल्ल्याच्या मध्यावर अंगठ्याने जोर लावून दाबा, 10 ते 15 मिमी दबला पाहिजे. घट्ट म्हणजे चांगला हा समज मीच पहिल्या वर्षी महागात घेतला. एका गाडीचा बेल्ट एकतारीच्या तारेसारखा ताणून दिला. सहाव्या दिवशी ती गाडी चिपळूणकडून जांभा चिरा भरून कुंभार्ली घाट चढत असताना वॉटर बॉडीचं बेअरिंग गेलं, सगळं पाणी रस्त्यावर. नवी वॉटर बॉडी मांडीवर घेऊन एसटीने मीच घाटात गेलो, मजुरी अर्थातच मागितली नाही.

"बेल्टपेक्षा तुमची मजुरी जास्त कशी?" हाही नेहमीचा प्रश्न. बेल्ट चढवायला वीस मिनिटं लागतात. आम्ही बेल्ट काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून बेअरिंगची खरखर बघतो, पंखा धरून हलवून वॉटर बॉडीचा खेळ बघतो, सुतळी लावतो, खाच साफ करतो. पैसे त्याचे आहेत. नवा बेल्ट पहिल्या फेऱ्यांत थोडा लांबतो आणि खाचेत बसतो, म्हणून 200-300 किलोमीटरनंतर एकदा परत या. तेव्हा ताण जुळवायचे पैसे आम्ही घेत नाही. तरी दहातले सहा येत नाहीत, आणि मग तेच पहाटे ओरडणाऱ्या गाड्या घेऊन येतात.

तपासायला चांगला दिवस खंडेनवमीचा. गाडी धुता, हार घालता, बॉनेटही उघडा. सीझनआधी ऑइल सील, पुली आणि जोडीचे बेल्ट आमच्याकडे तयार असतात. एक स्पेअर जोडी गाडीत असूच द्या, पण सीटखाली जॅकशेजारी तेलकट चिंध्यांत कोंबू नका, तिथे तो न वापरताच फुगतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नंबर वर लिहून, केबिनमध्ये वर ठेवा.

सीझनमध्ये सकाळी सातपासून, रविवारी दुपारी दोनपर्यंत. जुना बेल्ट घेऊन आलात तर तो बघायचे पैसे नाहीत.