दोन केस की चार? वाळवीच्या दोन जातींचा जुना घोळ

कॉप्टोटर्मिस फॉर्मोसानस ही वाळवी बहुतेकांच्या ओळखीची. सैनिकाचं थेंबाच्या आकाराचं पिवळं डोकं, कपाळावर पुढे उघडणारं छिद्र आणि डिवचलं की त्यातून येणारा पांढरा चीक. एवढं दिसलं की लोक नाव लिहून मोकळे होतात. पण हे सगळं त्याच वंशातल्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या) दुसऱ्या जातीला, कॉप्टोटर्मिस गेस्ट्रोयलाही तंतोतंत लागू पडतं. ही खूण वंशाची आहे, जातीची नव्हे.

कामकऱ्यांचे फोटो पाठवून जात विचारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कामकऱ्यांवरून या दोघी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. सैनिक हवा, आणि एक नव्हे, चार-पाच तरी.

खरा फरक आहे त्या छिद्राच्या कडेच्या केसांत. गेस्ट्रोयला डावीकडे एक आणि उजवीकडे एक, म्हणजे एकूण दोन. फॉर्मोसानसला दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे एकूण चार. इतकं सरळ असूनही चुका होतात, त्या ‘जोडी’ या शब्दामुळे. गेस्ट्रोयबद्दल लिहितात ‘केसांची एक जोडी’. फॉर्मोसानसबद्दल लिहितात ‘प्रत्येक बाजूला एक जोडी’. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात दोन्हीकडे ‘एक जोडी’ एवढंच राहतं आणि जात उलटी लागते. म्हणून मी जोडी हा शब्द वापरतच नाही. एकाच बाजूचे केस मोजते आणि तोच आकडा चिठ्ठीवर लिहिते.

मोजताना सैनिक अल्कोहोलमध्ये बुडवून कुशीवर ठेवा. बशीच्या तळाशी बारीक वाळू असली की डोकं हवं तसं टेकवता येतं. उजेड बाजूने द्या. वरून पाहिलं तर केस डोक्याच्या रंगात मिसळून जातात. जुन्या नमुन्यात केस तुटलेले असतात, पण ते जिथून उगवतात ती गोल खोबण शिल्लक राहते. ती मोजा. केस दिसला नाही म्हणजे तो नव्हताच, असं धरू नका.

पंखवाल्यांचं सोपं आहे: गेस्ट्रोयचं डोकं गडद आणि त्यावर पुढे दोन फिकट डाग, फॉर्मोसानस एकंदर पिवळसर तपकिरी. लांबीवर विसंबू नका.

जुन्या चिठ्ठ्यांवर ‘हॅविलँडाय’ दिसलं तर ती वेगळी तिसरी जात समजू नका. 2003 साली ते नाव गेस्ट्रोयमध्येच विलीन झालं.

एक अडचण मात्र केस मोजूनही सुटत नाही. दोन्ही जाती तैवान, हवाई आणि दक्षिण फ्लोरिडात एकत्र आढळतात. फ्लोरिडात दोघींचे थवे एकाच काळात उडताना दिसले, आणि त्यांच्या संकरातून वसाहती वाढू शकतात हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलं. अशा ठिकाणच्या नमुन्याची नुसती मायटोकॉन्ड्रियाची (पेशीकेंद्राबाहेरच्या, ऊर्जा तयार करणाऱ्या भागाची) डीएनए चाचणी करून निकाल देऊ नका. तो डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकरित वाळवीही त्या चाचणीत आईच्याच जातीची निघते. पेशीकेंद्रातला डीएनएही तपासायला हवा.