अलार्म वाजतो, पण पोलीस येत नाहीत: इंग्लंड-वेल्समधला यूआरएन आणि कीहोल्डरची अट

घराला अलार्म बसवला की तो वाजताच पोलीस येतील, हा समज आधी सोडा. नुसती घंटा वाजवणाऱ्या किंवा मोबाइलवर सूचना पाठवणाऱ्या अलार्मवर पोलीस निघत नाहीत. चोरी चालू असल्याचं कुणी पाहून ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावं लागतं. थेट प्रतिसाद हवा तर यूआरएन, म्हणजे पोलिसांकडचा नोंदणी क्रमांक लागतो. तो आपण मागायचा नसतो. एनएसआय किंवा एसएसएआयबी या तपासणी संस्थांनी प्रमाणित केलेली अलार्म कंपनीच अर्ज करते. स्वस्तात कुणाकडून तरी बसवून घेतलं, तर पुढे मार्ग बंद.

गाडी अडते ती कीहोल्डरपाशी, म्हणजे घराची चावी ज्याच्याकडे असते त्या माणसापाशी. निदान दोघं हवेत, फोनवर सापडणारे, अलार्म बंद करता येणारे आणि २० मिनिटांत घरी पोचणारे. आपली मंडळी एकमेकांची नावं देतात आणि डिसेंबरात सगळेच पुण्याला! एक तरी शेजारी असा निवडा, जो तेव्हा इथेच असेल.

दुसरा घोळ मोजणीचा. १२ महिन्यांत ३ खोटे कॉल गेले की पोलिसांचा प्रतिसाद बंद होतो. हे १२ महिने सरकते असतात. १ जानेवारीला पाटी कोरी होत नाही. प्रतिसाद परत मिळवायचा तर सलग ३ महिने एकही खोटा कॉल नको, आणि तसा पुरावा कंपनीने द्यायचा. म्हणून दुसऱ्या कॉललाच कारण शोधा. सेन्सरवर कोळ्याने विणलेलं जाळं, हीटिंगच्या गरम हवेने हलणारे वाढदिवसाचे फुगे, सुटीत चावी दिलेल्या पाहुण्याला माहीत नसलेला कोड, ही नेहमीची कारणं. नव्या यंत्रणेत एकच सेन्सर वाजला तर पोलिसांना कॉल जात नाही. ठरलेल्या वेळात दुसऱ्यानेही पुष्टी द्यावी लागते. ‘बिघडलंय’ म्हणून ही सोय बंद करायला लावू नका.

काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, नियम वेगळा. २००५च्या कायद्यानुसार तुमचा भाग अलार्म-सूचना क्षेत्र ठरला असेल, तर कीहोल्डरचं नाव काउन्सिलला लेखी कळवावंच लागतं. त्यात घरात राहणाऱ्याचं नाव चालत नाही, तरी नवरा-बायको एकमेकांची नावं लिहितात आणि अर्ज परत येतो. न कळवल्यास दंड. काउन्सिलने वेगळी रक्कम ठरवली नसेल तर ७५ पाउंड.

घंटा सलग २० मिनिटांहून जास्त किंवा थांबून थांबून तासाहून जास्त वाजली आणि शेजाऱ्यांना त्रास झाला, तर काउन्सिलचा अधिकारी येऊन ती बंद करू शकतो. दार फोडायला वॉरंट लागतं, पण खर्च तुमच्याकडून वसूल होतो. बाहेरची घंटा २० मिनिटांच्या आत आपोआप थांबते ना, हे वार्षिक सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिककडून वाजवून तपासून घ्या.