घसा दशावताराचा, नस छातीतली

कार्तिक सरत आला की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्री उशिरा देवळापुढे मृदंगावर थाप पडते आणि दशावतार पार उजाडेपर्यंत चालतो. हातात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचतील तसे. राजपार्टी, म्हणजे राजाचं सोंग घेतलेला नट, गरजतो, आणि त्याच्यासमोर लुगडं नेसलेला पुरुष, आमचा स्त्रीपार्टी, असा काही विलाप करतो की पुढे बसलेल्या बाया डोळ्यांना पदर लावतात. लहानपणी मला ही सगळी घशाची करामत वाटायची. पण घसा तर मेंदूचा हुकूम पाळणारा शेवटचा गडी.

कंठमण्याच्या जरा खाली बोट न्या. एक मऊ खाच लागेल, तिच्याखाली कडक कडं. बोट तिथे हलकेच ठेवून खालच्या सुरातून वरच्या सुरात जा. खाच अरुंद होते. तिथला एक स्नायू दोन कूर्चा, म्हणजे लवचीक हाडं, जवळ ओढतो, त्यामुळे आतले स्वरतंतू ताणले जातात आणि जास्त वेगाने थरथरतात. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा थरथरतात, बाईचे 200च्या आसपास. स्त्रीपार्टी रात्रभर हाच ताण सांभाळत असतो.

या स्नायूला मेंदूचा हुकूम आणणाऱ्या नसेची स्वतंत्र फांदी येते. स्वरयंत्राच्या बाकीच्या स्नायूंची नस मात्र विलक्षण वाटेने जाते. दोन्ही फांद्या व्हेगस या मोठ्या नसेच्याच. पण ही दुसरी डाव्या बाजूला घसा ओलांडून थेट छातीत उतरते, हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्र गाठते. गर्भात हृदय मानेजवळ असतं. ते खाली सरकताना नसेलाही ओढत नेतं. जिराफात याच वळशाची लांबी काही मीटर भरते. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन या वैद्याने किंचाळणाऱ्या डुकराची ही नस कापून दाखवली. डुक्कर धडपडत राहिलं, पण आवाज बंद झाला. आवाज कुठून चालतो, याचा तो पहिला ठसठशीत पुरावा. प्रयोग क्रूर होता, हेही म्हटलं पाहिजे.

मेंदूत आवाजाच्या वाटा दोन आहेत. चटका बसल्यावर निघणारी किंकाळी, तान्ह्याचं रडणं, खरं हसू हे मध्यमेंदूतल्या एका जुन्या केंद्रातून येतं. माकडांच्या हाका मुख्यतः याच वाटेच्या. दुसरी वाट बाह्यकाच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, त्या पट्ट्यातून निघते जिथून आपण हातपाय ठरवून हलवतो. माणसात तिथले काही तंतू थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातल्या त्या पेशींपर्यंत पोचतात, ज्यांच्यापासून स्वरयंत्राच्या नसा निघतात. माकडांत असा थेट दुवा जवळजवळ नाहीच. म्हणून माणूस ऐकलेला सूर घशात धरू शकतो, बोलू शकतो, गाऊ शकतो. रंगमंचावरचा विलाप या दुसऱ्या वाटेने सुरू होतो, ठरवून. पण कसलेला नट खरोखर गहिवरला की जुनी वाटही जागी होते आणि सूर कापतो. त्या क्षणी दोन्ही वाटा एकाच घशात उतरलेल्या असतात, असं मला वाटतं. आणि देवळापुढे सगळं चिडीचूप होतं ते तेव्हाच.

कानही यात गुंतलेला आहे. भोवती गलका वाढला की आपला आवाज नकळत चढतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी हे 1911 साली मांडलं. झांज आणि मृदंगाच्या गजरात नट बोलतो तेव्हा हेच होतं, आणि दिवसा लिलावात मासळी पुकारणाऱ्याचंही तेच.

मग सकाळी 'घसो बसलो.' मिठाच्या गुळण्या करायच्या, दोन दिवस कमी बोलायचं. बहुतेकांचा आवाज सुटतो. पण तीन आठवडे उलटूनही सुटला नाही, तर जत्रेवर ढकलू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते दुर्बिणीने स्वरतंतू पाहतात, आणि डावा तंतू हलत नसेल तर मानेबरोबर छातीचीही तपासणी करायला लावतात.