पंचवीस, बावन्न आणि सीमाभागातले गणित

पहिली-दुसरीतल्या पोराला ‘पंचवीस’ लिही म्हटले, की ते पुष्कळदा ५२ लिहिते. मराठीत आधी पाच ऐकू येतात, मग वीस. पाटीवर मात्र उलटे. कन्नडमध्ये तोच आकडा ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस, मग पाच. ‘एकोणसाठ’ साठातून एक वजा करायला लावतो, ‘ऐवत्तोंबत्तु’ सरळ पन्नास आणि नऊ सांगतो. बेळगावच्या बाजारात दोन्ही आकडे कानावर पडतात. ही चूक कुठून आली ते ओळखणारे गुरुजी वेगळे, लाल फुली मारून पुढे जाणारे वेगळे.

पूर्वी चांगला मास्तर म्हणजे पाढे घोटून घेणारा. संध्याकाळच्या परवच्यात पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते तेव्हा या पाठांतरावर दुकान चालायचे, त्याला उगाच हसू नये. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, होऊन शाळेत लागलेले मास्तर याच मुशीतले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ किलो आणि लिटर आले. सीमाभागात पहिली तारीख शेंबड्या पोरालाही पाठ असते, दुसरी कुणाला आठवत नाही. वर्गाला मात्र दुसरीनेही हलवले. अपूर्णांकांचे पाढे बाजारातून उठले, घोकंपट्टी मात्र वर्गात उरली. पुस्तके आता बेंगळूरच्या अभ्यासक्रमाची, मराठीत अनुवादलेली.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण संस्था, निघाली. त्याच वर्षी अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी मांडले, की विषय येणे आणि तो शिकवता येणे या दोहोंच्या मध्ये शिक्षकाचे एक खास ज्ञान असते. २००५ मध्ये हिल, रोवन आणि बॉल या संशोधकांनी ते तिथल्या पहिली आणि तिसरीच्या वर्गांत तपासले: शिक्षकाचे हे गणिती ज्ञान जास्त, तिथे मुलांची प्रगतीही जास्त. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी झालेल्या गणितावरच्या टिपणाने मुलांच्या मनातली भीती आणि शिक्षकांची अपुरी तयारी एकाच यादीत घातली. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटेत १९९५ ला सुरू झालेली ‘नलि-कलि’ पद्धत, म्हणजे हसतखेळत शिकणे, २००९ पासून राज्यभर गेली.

शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत साठ मुलांमागे दोन शिक्षक ठरवले. खानापूरच्या जंगलपट्टीत पट कमी असला, की हे दोघेच पाच इयत्ता ओढतात. पोराने ५२ का लिहिले, हे शेजारी बसून विचारायला सवड कुठली!

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढी आरडाओरड झाली. सीमाभागातल्या शाळांना ते पुस्तक नव्हतेच. तिथल्या गुरुजींनी दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे बांधून, बाजूला पाच सुट्ट्या ठेवून, ‘कन्नडमध्ये सांग बघू’ म्हटले तरी काम भागते.