साम्राज्य: राज्य आणि संस्कृती यांहून वेगळेपण

एका केंद्राने अनेक भिन्न मुलखांवर, प्रत्येकाशी निराळ्या अटी ठरवून चालवलेली सत्ता म्हणजे साम्राज्य. मुलूख किती मोठा, हा प्रश्न दुय्यम. राज्याला एक भूभाग, एक खजिना आणि साधारण एकसारखा कायदा असतो. संस्कृतीला यातले काहीच लागत नाही. भाषा, पूजा, शेती आणि दफनाच्या रीती एवढ्यावर ती शेकडो वर्षे टिकते. विदर्भात या तिन्ही गोष्टींचे पुरावे गावोगाव सापडतात, म्हणून उदाहरणे तिथलीच घेतली आहेत.

राज्य कसे चालते ते अचलपूरजवळच्या चम्मक गावच्या ताम्रपटात नीट दिसते. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याचा राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या १८व्या राज्यवर्षी चर्मांक हे गाव, म्हणजे ८,००० भूमी (जमिनीचे तेव्हाचे माप), १,००० ब्राह्मणांना दिले (नावे मात्र ४९च कोरली आहेत). गावात सैनिकांनी शिरू नये, कर घेऊ नये, अशा सवलती आहेत. त्यांच्या जोडीला अटीही आहेत: सप्तांग राज्याशी द्रोह करायचा नाही, युद्ध करायचे नाही, इतर गावांना उपद्रव द्यायचा नाही. अटी मोडल्या तर जमीन काढून घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही. सप्तांग म्हणजे कौटिल्याने सांगितलेली सात अंगे: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये इथे तिसरा कोणी धनी नाही.

बिरुदावरून मात्र निर्णय करू नये. वाकाटकांत ‘सम्राट’ पदवी एकट्या पहिल्या प्रवरसेनाने घेतली, आणि त्याच्यानंतर घराणे नंदिवर्धन (रामटेकजवळचे नगरधन) व वत्सगुल्म (वाशीम) अशा शाखांत वाटले गेले. पुढे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता नंदिवर्धनाहून मुलाच्या नावे कारभार पाहत होती. तिच्या पुण्यात सापडलेल्या ताम्रपटात वंशावळ आहे ती माहेरची, गुप्तांची. गुप्तांनी हा मुलूख खालसा केला नव्हता, तरी वजन त्यांचेच होते. साम्राज्याचा हा प्रकार नकाशावर रंगवता येत नाही, त्यामुळे शालेय पुस्तकांतून तो निसटतो.

संस्कृतीबद्दल थोडक्यात. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट इथली शिळावर्तुळे (दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे) लोहयुगातली. एकाच पद्धतीची दफने इतक्या ठिकाणी आहेत, म्हणून ती सारी एका राजाच्या हुकमतीखाली होती असे ठरत नाही. महानुभावांचे रिद्धपूर यादवांच्या काळात पुढे आले आणि यादव, सुलतान, मोगल, निजाम, इंग्रज असे सगळे जाऊनही पंथ आहे.

साम्राज्याची खरी यंत्रणा पाहायची तर वऱ्हाड, म्हणजे विदर्भाचा पश्चिम भाग, पाहावे. १५९६ मध्ये अहमदनगरकडून ते मोगलांकडे गेले. सुभा झाला, पण वसुली जुन्याच देशमुख-देशपांडे, पाटील-पांड्यांकडे राहिली. १७१९ च्या मोगल सनदेने दख्खनच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांना चौथाई (वसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (१० टक्के) मिळाली. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम दख्खनचा धनी झाला, तरी नागपूरकर भोसल्यांचा हिस्सा सुटला नाही. याला दोअमल म्हणत: एकाच गावावर दोघांचे कमाविसदार (वसुली अधिकारी). कागदावर ही वाटणी सोयीची दिसते. प्रत्यक्षात वसुलीला दोघे येत, राखणीला कोणीच नाही, आणि पेंढाऱ्यांनी याचाच फायदा घेतला.

१८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगड गमावल्यावर भोसल्यांना देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा हक्क सोडावा लागला. पुढचा डाव पगाराचा. निजामाच्या नावाने उभी केलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट ही फौज होती. तिचा खर्च थकत गेला, थकबाकीचे कर्ज झाले आणि १८५३ च्या तहाने त्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १८६० मध्ये रायचूर दोआब आणि धाराशिव परत दिले. कापसाचे वऱ्हाड ठेवून घेतले. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला. लढाई न करता मुलूख घेण्याचा क्रम हाच: फौज, थकबाकी, तारण, पट्टा.

नदीपलीकडे नागपूरला दुसरीच तऱ्हा. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य सरळ खालसा केले. मग वर्धेच्या दोन काठांना दोन कायदे लागले. पश्चिमेला रयतवारी: शेतकऱ्याचे नाव सरकारी दप्तरात, सारा थेट सरकारला. पूर्वेला मालगुजारी: गावाचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजारावर, गावाची मालकीही त्याचीच, कूळ त्याच्या हाताखाली. भाषा मराठी, पेरा कापूस-ज्वारीचा, सोयरिकीही नदी ओलांडून होत. हक्क तेवढे वेगळे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ‘मामा तलाव’ म्हणतात ते माजी मालगुजारी तलावच. त्यांतले कित्येक मालगुजारीच्याही आधीचे, गोंड राजवटीतले, कोहळी समाजाने बांधलेले आहेत.

साम्राज्य बिघडते ते बहुधा मध्यस्थापाशी. वसुली स्थानिक वतनदारावर सोपवली की केंद्राचा खर्च वाचतो; पण वतनदार आकडा दडवतो आणि केंद्र ढिले पडले की स्वतःच धनी होतो. मध्यस्थ काढून स्वतःचे अमलदार नेमले तर पगार वाढतो, आणि तो भागवायला सारा चढवावा लागतो. रेल्वे आणि तार आल्यावर इंग्रजांना दुसरा मार्ग परवडू लागला. खामगावला १८७० मध्ये फाटा आला तो कापूस उचलण्यासाठी.

एकाच देशात निराळे नियम असले म्हणजे साम्राज्यच, असे मात्र नाही. आज गडचिरोली आणि मेळघाटात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे (आदिवासी क्षेत्रांसाठीचे) नियम चालतात, आणि घटनेच्याच ३७१(२) या अनुच्छेदाने विदर्भासाठी वेगळी तरतूद ठेवली आहे. तरीही मेळघाटातल्या धारणीच्या मतदाराचे मत मुंबईच्या मताएवढेच मोजले जाते. १९०२ चा पट्टा व्हाइसरॉय कर्झन आणि निजाम यांच्यात ठरला. वऱ्हाडातल्या कोणा शेतकऱ्याला त्याबद्दल विचारलेले नव्हते.